तो डाग मी पुसणार नाही, मंत्रीमहोदय

मा. सांस्कृतिक मंत्री,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या खात्याचं पत्र आलं. माझ्या युद्धविरोधी अ‍ॅनिमेशन लघुपटाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता थांबवलाय. कारणं दोन: ‘संवाद नाहीत’ आणि ‘आशय बालप्रेक्षकांस योग्य नाही’. हा लघुपट मुलांसाठी आहे, असं अर्जात कुठे लिहिलं होतं? पहिला हप्ता देताना तुम्हीच व्यासपीठावरून म्हणालात, ‘काम अडणार नाही, माझा शब्द आहे.’ त्या शब्दावर मी नोकरी सोडली.

सात मिनिटांची फिल्म. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी 5,040 चित्रं. कोळशाने काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, त्याच कागदावर पुढचं काढायचं. कोळसा पुरता कधीच पुसला जात नाही. सैनिक पळत पुढे जातो आणि मागे त्याचा करडा डाग राहतो. शेवटी आई गणवेशाची घडी घालते, तेव्हाही तो डाग तिच्या हातांखाली दिसतो. यात संवाद कुठे घालू? समितीतल्या एकांनी सुचवलं, ‘मागचं जरा स्वच्छ करून घ्या.’ अडीच वर्षं मी तो डागच जपतोय! मनगट इतकं ठणकतं की रात्री पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलावा लागतो.

कॅनडातल्या अ‍ॅनिमेटर नॉर्मन मॅकलारेनने 1952 साली ‘नेबर्स’ ही छोटी फिल्म केली. एका फुलापायी दोन शेजारी एकमेकांचा जीव घेतात, तोंडून एक शब्द नाही. जिवंत नट फ्रेम-फ्रेमने हलवलेले. तेव्हा कोरियात युद्ध पेटलेलं होतं आणि पैसा होता कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डाचा, म्हणजे सरकारचाच. तिला ऑस्कर मिळालं. बायकामुलांना मारण्याचं दृश्य मात्र मध्यंतरी कापलं गेलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते परत जोडावं लागलं.

कापाकापीची हौस जुनीच आहे. रणगाड्यांच्या संचलनाला पैसा कधी अडत नाही, तिथे कुठलीही समिती ‘मुलांना योग्य आहे का’ विचारत नाही. मुलांना खांद्यावर बसवून ते दाखवतात. युद्धात घरी काय उरतं, हे दाखवलं की लगेच बालप्रेक्षक आठवतात. माझी फाइल सहा टेबलं फिरली. त्यातल्या एकानेही फिल्मचा तयार भाग पूर्ण पाहिलेला नाही, हे मला त्यांच्याच प्रश्नांवरून कळलं.

चाळीस सेकंदं राहिली आहेत, 480 चित्रं. हप्ता द्या. द्यायचा नसेल तर नकार तुमच्या सहीने पाठवा, समितीच्या शिक्क्याने नको.

आपला,
एक अ‍ॅनिमेटर