गळते पाणी, गळती वीज

महोदय,

ऊर्जाबचतीचा विषय निघाला की नगरपालिका फलक लावते आणि नागरिकांना बल्ब बदलायला सांगते. बल्ब बदलायलाच हवेत. 60 वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड 9 वॅटचा एलईडी देतो. पण पालिका स्वतः जी वीज वापरते तिचे काय? तिचा मोठा वाटा पाणी उपसून उंच टाकीत चढवण्यात जातो. रस्त्याकडेच्या व्हॉल्व्हमधून दिवसभर पाणी झिरपताना पाहिले की जीव तुटतो. ते पाणी तिथवर विजेनेच ओढून आणलेले असते! म्हणून गळती शोधणे हे वीज वाचवण्याचेच काम आहे. पंपांचेही तसेच. व्हॉल्व्ह अर्धवट आवळून प्रवाह रोखण्यापेक्षा पंपाचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला, तर वीज जवळपास निम्मी लागते (पाणी फार उंच चढवायचे असेल तर फायदा कमी, हे खरे).

भर उन्हात जळणाऱ्या पथदिव्यांना साधा प्रकाश-सेन्सरही पुरतो.

पालिकेच्या हातातले सर्वांत मोठे साधन मात्र बांधकाम परवानगी आहे. इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षे तशीच तापते. खिडक्यांवर सज्जा, समोरासमोर वायुवीजन, गच्चीवर पांढरा लेप या गोष्टी नकाशा मंजूर करतानाच तपासाव्यात. आणि सुरुवात म्हणून पालिकेने आपल्या प्रत्येक कार्यालयाचा महिन्याचा वीजवापर प्रवेशद्वारापाशी लावावा, युनिटच्या आकड्यांसह.

– एक वाचक