स्क्वॅट ४० किलोवर अडला म्हणून ताईला पत्र

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला. स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बारबेल घेऊन उठबस, ४० किलोच्या वर जात नाही, गोळा दोन महिन्यांपासून त्याच रेषेवर पडून राहिला आणि पोलीस भरती तोंडावर आली. शेतात कापसाची वेचणी सुरू होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी हे मनातून काढ, की तू कमी पडून राहिली. सुरुवातीला वजन भराभर वाढलं, कारण तेव्हा मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत होत्या. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकदम कामाला लागत होते. पहिल्या काही आठवड्यांत हे शिकणं बरंचसं होऊन जाते. पुढे खरोखर स्नायू वाढावा लागतो आणि तो सावकाश वाढतो. सगळ्यांचंच असं होते, पोरी.

पण तू दर वेळी तेच ४० किलो, दहा-दहा वेळा उठबस करायचे तेच तीन सेट करते. अंगाला त्याची सवय झाली, मग ते कशाला वाढेल? या तीन सेटची मूळ गोष्ट तुला सांगतो. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय वजनं उचलून सुधारायला घेतले आणि १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. १९४८ मध्ये त्यांनी सुटसुटीत पद्धत मांडली. दहाच वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊण वजनानं, तिसरा पूर्ण. म्हणजे तिन्ही सेट सारखे नव्हते, आणि ताकद आली की वजनही वाढवायचे. जिमपर्यंत येता येता बाकीचं गळालं आणि दहा-दहाचे तीन तेवढे राहिले.

आता वही घे. सोमवार जड: ४५ किलो, पण दहाऐवजी पाच-पाच रेपचे (रेप म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं) चार सेट, मध्ये पूर्ण तीन मिनिटं विसावा. बुधवार हलका: ३० किलो, पंधरा-पंधराचे दोन सेट, विसावा मिनिटभर. शुक्रवार मधला: ३७.५ किलो, आठ-आठचे तीन सेट. खाली सावकाश जा आणि वर झटक्यात ये. तुझा ४ किलोचा गोळा नुसत्या ताकदीनं लांब जात नाही, ती ताकद क्षणात बाहेर पडावी लागते, म्हणून शुक्रवार चुकवू नको. मैदानी चाचणीत गोळाफेकीला ५० पैकी १५ गुण आहेत.

सोमवारचे सगळे पाच नीट निघाले तरच पुढच्या सोमवारी दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लाव. नाही निघाले तर ४५ वरच थांब आणि पाच पूर्ण काढायचा प्रयत्न कर. चाराचे पाच झाले तरी ती वाढच आहे. प्रत्येक सेटला एखादा रेप अंगात शिल्लक ठेव. जड दिवशी बारबेलजवळ कोणीतरी उभं असू दे, एकटीनं करू नको.

चौथ्या आठवड्यात सेट निम्मे कर आणि वजनही थोडं उतरव. हे तुला पटणार नाही, माहीत आहे. शंकरपटाची जोडी तयार करणारे बैलांना रोज सारखं पळवत नाहीत. कधी नांगरटीत ओढायला लावतात, कधी थोडंच पण जोरात पळवतात, आणि पटाच्या आधी आराम देतात. तुझ्या मामाला विचार.

मोबाईलवर पाहून रोज नवा व्यायाम मात्र करू नको. स्क्वॅट, डेडलिफ्ट, प्रेस हेच ठेव. बदलायचं ते वजन, रेप आणि विसावा. व्यायामच बदलत राहिला तर वाढ झाली की नाही हे मोजणार कशावर?

आई म्हणते, पाळीच्या दिवसांत अंग जड वाटलं तर सोमवारचा जड दिवस दोन दिवस पुढे ढकल, त्यात काही बिघडत नाही. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र वजन खाली ठेव आणि मला लगेच फोन कर.

जेवणाचं मला जास्त वाटते. मेसचं वरण पातळ असते, त्यावर स्नायू वाढत नाही. वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुला रोज ८० ग्रॅमच्या आसपास लागतील. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीसच्या वर. आपण सोयाबीन पिकवतो आणि सगळं विकून मोकळे होतो, हे मला खटकते. आईनं वड्या, शेंगदाणे आणि जवसाची चटणी बांधून ठेवली आहे. रात्री जागून अभ्यास करू नको. झोप कमी झाली तर जड दिवस वाया जाईल.

शनिवारी एसटीनं डबा घेऊन येतो. तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवारचे आकडे वहीत लिहून ठेव, सोबत बसून पाहू.

तुझे,
बाबा