विषबाधा झालेल्या कुत्र्यांसाठी औषधपेटी व वाहनखर्च : ले-आउटमधील सर्व रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

मंडळाचे काम आपल्याला नव्याने सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 पर्यंत चढतो तेव्हा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गुराढोरांसाठी, कुत्र्यांसाठी पाण्याचे टाके भरलेले असते. ते भरणारी पोरे आपलीच. रेबीजच्या लसीकरण शिबिरात आपले निवृत्त पशुवैद्य डॉक्टरसाहेब गुडघे दुखत असतानाही शेवटची लस टोचेपर्यंत बसत नाहीत. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पहिल्या पेन्शनमधून देणगी दिली आणि फलकावर नाव लिहू दिले नाही. मेडिकलवाले भाऊ सलाईनवर एक रुपया नफा घेत नाहीत.

आणि इस्त्रीवाले दादा! पावसाळ्यात मैदानाजवळची तांबडी कुत्री कीटकनाशक लागलेले काहीतरी खाऊन कोसळली. तोंडातून लाळेच्या तारा, सगळे अंग थरथरत होते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. रात्रीची वेळ. ऑटोवाले थांबत, कुत्री पाहून निघून जात. दादांनी गाडीवरचे कपडे घरात ठेवले आणि हातगाडीवरून तिला डॉक्टरसाहेबांच्या दारात नेले. ती वाचली. पण डॉक्टरसाहेबांजवळचे अॅट्रोपीन (कीटकनाशकाच्या विषावरचे इंजेक्शन) त्या रात्री संपले, ते आजवर आणता आलेले नाही.

आता दिवाळी तोंडावर आहे. साफसफाईत माळ्यावर, गोदामात उंदरांचे औषध ठेवले जाते. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठणे थांबते आणि कुत्रा दोन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसतो. नाकातून रक्त येईपर्यंत कुणाला कळत नाही. वेळेत व्हिटॅमिन के-1 सुरू केले तर तो वाचतो. फराळातले मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेट हृदयावर जाते. सावजी रश्श्यातल्या कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. प्रेमाने घालतो आपण, म्हणून सांगणे भाग आहे. माणसाची तापाची, अंगदुखीची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका.

कुत्र्याने काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे. काय खाल्ले, किती, केव्हा हे सांगावे. पाकीट किंवा उरलेला तुकडा सोबत न्यावा. मिठाचे पाणी, दूध, तेल पाजू नये. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. अॅसिड, फिनाईल पोटात गेले असेल तर उलटीने घसा पुन्हा भाजतो, रॉकेल असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकते. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात काहीही घालू नये.

आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आपल्याला मोठा आधार आहे, पण मानेवाड्याच्या या टोकाहून तिथवर न्यायचे कशात? पहिले दोन तास मोलाचे असतात आणि ते गाडी शोधण्यातच जातात.

मागच्या वेळी वर्गणीसाठी फिरलो तेव्हा काही दारांतून "माणसांचे बघा आधी" असे ऐकून आलो. ते मनाला लागले. याच मंडळाची पोरे कोरोनात डबे घेऊन त्याच दारांशी उभी होती. यंदा तरी दार लोटू नका. कुणी जाणूनबुजून विष घालताना दिसल्यास पोलिसांत कळवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला विष देणे हा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

हवे आहे : अॅट्रोपीन, व्हिटॅमिन के-1, अॅक्टिव्हेटेड चारकोल (पोटातले विष शोषून घेणारी कोळशाची पूड), सलाईन (सर्व डॉक्टरसाहेबांच्या ताब्यात राहील), तोंडाची जाळी, स्ट्रेचर, पेट्रोलखर्च. एकूण अंदाजे 25,000 रु. रात्री चारचाकी देऊ शकणाऱ्यांनी नाव नोंदवावे. देणगी समाजभवनात रोज सायं. 6 ते 8, धनत्रयोदशीपर्यंत. पावती मिळेल, हिशेब फलकावर लागेल. औषधे वस्तुरूपाने देणाऱ्यांनी मुदत पाहून द्यावीत.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)