आधी दोरी सोडायला शीक

बोका ग्रँड, फ्लोरिडा
ज्येष्ठ पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. "मासा कुठाय? फोटो पाठव," एवढंच लिहिलंयस. पाठवण्यासारखा फोटो नाही. एकच आहे, त्यात माझा हातमोजा आणि माशाचा खालचा जबडा दिसतो, बाकी सगळं पाणी. पण पुढच्या वैशाखात तू खरंच इथे टार्पन मासा धरायला यायचं म्हणतोयस, म्हणून या चार दिवसांत काय झालं ते नीट लिहितो. त्यातली एक गोष्ट मला तुलाच सांगायची होती, आणि ती फोनवर सांगायला जमली नसती.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. एका बाजूला गॅस्परिला बेट, समोर कायो कोस्टा, आणि दोघांच्या मधल्या फटीतून शार्लट हार्बर नावाची भलीमोठी खाडी मेक्सिकोच्या आखाताला मिळते. बोका ग्रँड म्हणजे स्पॅनिशमध्ये मोठं तोंड. खाडीत बऱ्याच ठिकाणी पुरुषभर पाणी, पण या तोंडात तळ सत्तर-ऐंशी फुटांवर. बेटाच्या दक्षिण टोकावर १८९० पासून उभं असलेलं दीपगृह आहे, आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात मे-जूनमध्ये टार्पन माशांचे थवेच्या थवे जमतात. किनारा सोडून लांब जावंच लागत नाही. दीडशे पौंडांचा मासा गळाला लागलेला असतो आणि वाळूत खेळणारी पोरं दिसत असतात.

टार्पनला इथे रुपेरी राजा म्हणतात. आठ फुटांपर्यंत वाढतो. मोठ्या असतात त्या माद्या, नर त्या मानाने लहान. तोंड वरच्या बाजूला वळलेलं आणि आतून हाडासारखं टणक, त्यामुळे गळ सहजासहजी रुतत नाही. रॉड-रिळावर पकडलेला जगातला सगळ्यात मोठा नोंदलेला टार्पन आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये २००३ साली मिळाला, २८६ पौंड ९ औंसांचा. पण मला वजनापेक्षा वयाचं जास्त वाटलं. शिकागोच्या शेड मत्स्यालयातला एक टार्पन साठहून अधिक वर्षं जगला. म्हणजे आपल्या बोटीखालून जाणारी एखादी मादी तुझ्या-माझ्याहून वडील असू शकते. हे कळल्यापासून मी पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आणि तो श्वास घेतो रे. कल्ले आहेतच, पण पोटातली हवेची पिशवी रक्तवाहिन्यांनी भरलेली, जवळपास फुप्फुसासारखी. वर येतो, पाठ वळवतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. पहाटे वारा पडलेला असताना तो आवाज ऐकू येतो. कोणीतरी झोपेत उसासा टाकावा तसा. याची पिल्लं खारफुटीतल्या कोंदट, प्राणवायू कमी असलेल्या डबक्यांत वाढतात. मोठे शिकारी मासे तिथे फारसे टिकत नाहीत, ही मात्र हवा पिऊन तगतात. त्याच्याही आधी, समुद्रात अंड्यातून बाहेर पडल्यावर, ती काचेच्या फितीसारखी पारदर्शक असतात आणि प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतात. एकेक मादी कोटीच्या घरात अंडी देते, त्यातून अशी थोडीच उरतात.

पहिला दिवस बेटाच्या बाहेरच्या किनाऱ्याला गेला. कॅप्टन उंच फळीवर उभा, इंजिन बंद, बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर आवाज न करता बोट पुढे नेतेय. माशांची रांग येताना दिसली की तो घड्याळाच्या भाषेत सांगतो. बोटीचं टोक म्हणजे बारा. "अकरा वाजता, साठ फूट, डावीकडे चाललेत." मला आधी नुसती सावली दिसली, मग सावलीला शेपटी दिसली, मग एकदम वीस-पंचवीस मासे. हात थरथरले. खेकडा मी थेट पहिल्या माशाच्या डोक्यावर टाकला आणि अख्खी रांग फुटून खोल पाण्यात गेली. आमिष त्यांच्या वाटेवर, चांगलं दहा फूट पुढे टाकायचं आणि त्यांना पोहत त्याच्याकडे येऊ द्यायचं, हे कॅप्टनने सकाळीच सांगितलं होतं. त्या दिवशी असे चार थवे माझ्यामुळे उधळले. तो एकदाही आवाज चढवून बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही खाडीच्या मुखात गेलो. पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची ओहोटी लागते, खाडीतलं पाणी जोरात बाहेर पडतं आणि गवतातले खेकडे पृष्ठभागावरून वाहत येतात. टार्पन त्यासाठीच वर येतात. पाणी उकळल्यासारखं दिसतं. बोटी प्रवाहाबरोबर वाहत जातात, खाली पोचल्या की थव्याला लांबून वळसा घालून, इंजिन अगदी हळू ठेवून पुन्हा वर येतात. थव्यावरून कोणी भरधाव बोट नेली तर सगळ्यांचीच संध्याकाळ जाते, म्हणून इथले जुने कॅप्टन ही शिस्त फार पाळतात. नियमही कडक आहेत. एप्रिल ते जून या मुखात एका बोटीवरून तीनपेक्षा जास्त दोऱ्या टाकता येत नाहीत, आणि गळाच्या तळाला वजन बांधून केलेलं जिग नावाचं आमिष वापरायला बंदी आहे, कारण त्याने मासा तोंडात न लागता बाहेरून अडकतो.

साडेपाचच्या सुमाराला माझी दोरी ताठ झाली. गोल वळणाचा गळ असतो, त्याला झटका द्यायचा नाही, नुसतं रीळ फिरवत राहायचं, म्हणजे तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तो बसला, आणि मासा वर आला. मित्रा, मी हे कितीही लिहिलं तरी कमी आहे. सहा फुटांचा मासा पूर्ण पाण्याबाहेर, उभा, कल्ले खडखडतायत, अंगावरून उन्हाचे तुकडे गळतायत. कॅप्टन ओरडला, "वाक!" मासा हवेत असला की रॉड त्याच्याकडे झुकवून दोरी सैल द्यायची असते. हवेत त्याचं वजन पेलायला पाणी नसतं, तेव्हा दोरी ताठ राहिली तर एका झटक्यात ती तरी तुटते, नाहीतर गळ तरी उडतो. इथे याला राजापुढे वाकणं म्हणतात. आपल्या भाषेत सरळ मुजरा. मी पाच मुजरे घातले आणि मासा टिकला.

मग पाऊण तास गेला. मी रॉड उंच धरून ओढत होतो, चित्रांत माणसं धरतात तसा. मासा खाली बसायचा, वर येऊन हवा पिऊन जायचा आणि पुन्हा ताजातवाना व्हायचा. कॅप्टन दोनदा म्हणाला की खाली वाक, आडवा ओढ, जोर लाव. मला वाटायचं, दोरी तुटेल. बोटीपासून चाळीस फुटांवर तो कुशीवर वळला, आणि त्याच्या मागे एक पर पाण्यातून वर आला. उंच, कोयत्यासारखा वाकडा. हातोडी शार्क. याच परिसरात २००६ मध्ये १,२८० पौंडांची हातोडी शार्क धरली होती, तिच्या पोटात ५५ पिल्लं निघाली. आमची किती मोठी होती देव जाणे, पण पर आणि शेपटी यांच्यातलं अंतर पाहून माझ्या पोटात गोळा आला.

"सोड! रीळ मोकळं कर!" कॅप्टन ओरडला. रीळ मोकळं केलं असतं तर दोरीचा ताण गेला असता आणि टार्पनला पळायला वाव मिळाला असता. त्याला वाचवायची तेवढीच एक वाट असते. मी सोडलं नाही. चाळीस फूट तर राहिलेत, आणखी एक मिनिट, एक फोटो, एवढंच डोक्यात होतं. दोन सेकंद असतील, फार तर तीन. मग पाणी लाल झालं, रॉड हलका झाला, आणि मी ओढून आणलं ते डोकं आणि कल्ल्यांमागचं वीतभर अंग होतं. डोळा केवढा मोठा असतो त्याचा.

हेच मला तुला सांगायचं होतं. शार्कचा राग येण्याचं कारण नाही, ती तिचं पोट भरतेय. पण तो मासा मी थकवला होता, आणि सुटायची वेळ आली तेव्हा मीच बांधून ठेवला. कॅप्टन काही बोलला नाही. त्याने दोरी कापली, बोट वळवली, आणि धक्क्यावर उतरताना एवढंच म्हणाला की उद्या सकाळी मासे नाहीत, उद्या शिकवणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने धक्क्याच्या खांबाला ताण मोजणारा काटा बांधला, काट्याला माझी दोरी अडकवली आणि म्हणाला, "लाव जोर." रॉड उंच धरून, पाठ मोडेपर्यंत ओढलं तरी काटा सात पौंडांवर. मग त्याने रॉड पाण्याच्या पातळीला आणला, आडवा केला, कोपर बरगडीला टेकवायला लावलं आणि कंबरेतून वळायला सांगितलं. काटा अठरावर गेला, मला त्रासही कमी झाला, दोरी हूं की चूं नाही. मी पाऊण तास माशाशी लढत नव्हतो रे, त्याला नुसतं धरून ठेवत होतो. भिऊन हलका हात ठेवला, ती माझ्या मते दया होती. त्या दयेपायी तो इतका दमला की शार्कपुढून हलू शकला नाही. नंतर कॅप्टनने मला पन्नासेक वेळा रीळ मोकळं करायला लावलं. तो मध्येच "सोड" म्हणायचा, आणि माझ्या अंगठ्याने विचार न करता सोडायला हवं. जेवणाच्या वेळेपर्यंत तेच.

त्याने जुन्या गोष्टीही सांगितल्या. १८८५ साली विल्यम वूड नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने इथून जवळच सॅनिबलच्या पाण्यात रॉड-रिळावर ९३ पौंडांचा टार्पन काढला, आणि त्या बातमीने श्रीमंत शौकिनांची रीघ लागली. पुढे कित्येक वर्षं मासा मारून, टांगून, फोटो काढून फेकून देत, कारण त्याचं मांस काटेरी, इथे फारसं कोणी खात नाही. टेक्सासमध्ये पोर्ट अरान्ससच्या टार्पन इन या हॉटेलात भिंतभर टार्पनचे खवले लावलेले आहेत, प्रत्येकावर पकडणाऱ्याची सही, त्यात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १९३७ चा खवलाही आहे. खवला तळहाताएवढा असतो, सही सहज मावते. फ्लोरिडाने २०१३ पासून टार्पन पकडून सोडायचाच मासा ठरवला. विक्रमाचा दावा करायचा असेल तरच वर्षाला एक, ५० डॉलरचा टॅग घेऊन ठेवता येतो. आणि ४० इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर उचलायचाच नाही. मांडीवर मासा घेतलेला फोटो तुला मिळणार नाही तो यामुळे. मला हा नियम मनापासून पटतो. एवढं वजन पाण्याबाहेर उचललं की त्याला आतून इजा होऊ शकते.

काल, चौथ्या दिवशी, पुन्हा मुखात गेलो. पहिल्या माशाने तिसऱ्या उडीत गळ झटकला. दुसरा राहिला. रॉड आडवा, मासा डावीकडे गेला की मी उजवीकडे, उजवीकडे गेला की डावीकडे, त्याला एक क्षण सरळ पोहू दिलं नाही. हवा घ्यायला वर यायला लागला की खाली दाबायचं. बावीस मिनिटांत बोटीशी आला. दंडांत पेटके आले होते, पण मासा शाबूत होता, डोळा फिरवून बघत होता. कॅप्टनच्या अंदाजाने एकशे वीस पौंड. मी हातमोजा घालून खालचा जबडा धरला, त्याने गळ काढला आणि बोट अगदी हळू पुढे घेतली, म्हणजे तोंडातून पाणी आत जाऊन कल्ल्यांवरून वाहत राहतं. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी. दोनेक मिनिटं मी वाकून त्याला तसा धरून होतो. मग जबडा माझ्या अंगठ्यावर मिटला, चिमटा आवळावा तशी पकड आली, आणि शेपटीच्या एका फटक्यात तो खाली गेला. मी पोटावर पालथा पडून पाण्यात बघत राहिलो. कुठे पर दिसतो का, तेच बघत होतो. नाही दिसला.

आता तुझं. येणार असशील तर मे महिन्यातली पौर्णिमा किंवा अमावास्या धरून चार दिवस मोकळे ठेव, एका दिवसासाठी येऊ नकोस, एका दिवशी वारा आणि ढग मिळून काहीच दिसू देत नाहीत. कॅप्टन आतापासून ठरवावा लागतो. ठरवताना त्याला किती मासे मिळतील हे विचारू नकोस. शार्क आली तर काय करता, मासा किती वेळ लढवता, ते विचार. उत्तर द्यायला जो वेळ घेईल तो बरा. भाड्याच्या बोटीवर मासेमारीचा परवाना कॅप्टनच्या परवान्यात धरलेला असतो, तुला वेगळा काढावा लागणार नाही. पोलराइज्ड चष्मा तांबूस काचेचा आण, काळ्या काचेतून वाळूवरची सावली कळत नाही. लांब बाह्यांचे सदरे आण. आणि येण्याआधी महिनाभर रॉड हातात घेऊन अंगठ्याने रीळ मोकळं करायची सवय कर, अगदी बोलताना, दूरदर्शन बघताना. कोणालातरी मध्येच "सोड" म्हणायला सांग.

उद्या सकाळी परत किनाऱ्याला जातोय, रांगा बघायला. उरलेलं आल्यावर बोलू. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मी