यकृतातील पेशींचे निरोप

महोदय,

दारूला कधी न शिवलेल्या माणसाचेही यकृत बिघडू शकते, हे आमच्या रत्नागिरी परिसरात अजूनही सहजासहजी पटत नाही. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ लिहून आले की शेजारीपाजारी आधी रुग्णाच्या सवयींचाच तपास सुरू करतात. वास्तविक मधुमेह व स्थूलतेमुळेही यकृतपेशींत चरबी साठते, आणि पुढचे नुकसान बरेचसे पेशींनी एकमेकींना धाडलेल्या रासायनिक निरोपांमुळे होते. इजा झालेल्या यकृतपेशी संकेत सोडतात, त्यामुळे यकृतातच वस्तीला असलेल्या कुफर नावाच्या संरक्षक पेशी दाह वाढवतात आणि ‘टीजीएफ-बीटा’ नावाचे प्रथिन स्रवतात. हा निरोप पोहोचताच, एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून निमूट बसलेल्या तारकाकृती पेशी रूप पालटून कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे तयार करू लागतात. जखम भरून काढण्याचीच ही रीत आहे, पण इजा थांबली नाही तर निरोपही थांबत नाहीत आणि मऊ यकृत वर्षानुवर्षे निबर होत सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे यकृतभर व्रण पडून त्याचे काम खालावण्याच्या अवस्थेपर्यंत, जाऊ शकते. मूळ कारण वेळीच दूर झाले तर हे धागे काही प्रमाणात विरतातही, पण ते रुग्णाला कोणी समजावत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दारूशी संबंध नसलेल्या या ‘फॅटी लिव्हर’ विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला आहे. तेव्हा किनारपट्टीवरील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेह तपासणीच्या वेळीच वजन, साखर आणि यकृत यांचा हा संबंध सोप्या मराठीत सांगण्याची व्यवस्था व्हावी.

— एक वाचक, रत्नागिरी