दशकाआधीचा उलटा स्वल्पविराम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या सिनेमावर, क्रिकेटवर लेख आला की मथळ्यात हमखास ‘९०च्या दशकात असे छापलेले दिसते. यातले ९०च्या आधीचे चिन्ह अपॉस्ट्रॉफी नव्हे. ते अवतरण उघडणारे चिन्ह आहे. अवतरण उघडते आणि पुढे कुठेच मिटत नाही.

अपॉस्ट्रॉफी ही गाळलेल्या १९ची खूण. ‘सोऽहम्’मधला अवग्रह (ऽ) लोपलेल्या ‘अ’साठी करतो तेच काम ती करते. आकार वर टांगलेल्या स्वल्पविरामाचा, डोके वर आणि शेपूट खाली: ’९०.

चूक बहुतेकदा लेखकाची नसते. मोकळ्या जागेनंतर अपॉस्ट्रॉफीची कळ दाबली की वर्ड अवतरण सुरू झाले असे समजतो. म्हणून आधी कुठलेही अक्षर टाइप करावे, त्याला चिकटून चिन्ह द्यावे, मग अक्षर खोडावे. विंडोजवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१४६ दिले तरी चालते. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना त्या कळीवर ‘ट’ मिळतो, त्यामुळे तेवढ्यापुरता इंग्रजी कीबोर्ड घ्यावा लागतो. मथळाच अवतरणात असेल तर दोन चिन्हे एकमेकांना भिडून विचित्र दिसतात. तिथे सरळ ‘नव्वदच्या’ लिहावे.

दुसरी चूक १९९०’च्या अशी. इथे गाळले काय? काहीच नाही, मग चिन्ह कशाला? ज्या इंग्रजीवरून ही सवय आली, तिथेही आता दशकाच्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी सहसा देत नाहीत. दिली तर अर्थ ‘१९९० या एका वर्षाचे’ असा होऊ शकतो. आपला प्रत्यय आकड्याला जोडूनच लिहावा. ‘१९९० च्या’ असे तोडले की अरुंद स्तंभात ‘च्या’ एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन पडतो.

मराठीत ‘१९९०चे संगीत’ म्हटले तरी एकच वर्ष समजते; दहा वर्षे म्हणायची तर ‘दशक’ हा शब्द हवाच. बहात्तरचा दुष्काळ म्हणताना मात्र वर्षच अभिप्रेत असते, आणि तिथे चिन्हावाचून कुणाचे अडत नाही.

चिन्हापेक्षा महागात पडणारी गफलत दशकाच्या क्रमांकाची. ऐंशीचे दशक १९८० ते १९८९, पण विसाव्या शतकाचे आठवे दशक १९७१ ते १९८०. १९८२चा गिरणी संप ‘आठव्या दशकात’ घातला की तो सुरू होण्याच्या किमान वर्षभर आधीच मिटतो.

आपले,
काही मुद्रितशोधक, पुणे