जॉन कॅमेरॉनची आठवण ठेवा

महोदय,
फुटबॉल प्रशिक्षकांवरील लिखाणात जॉन कॅमेरॉनचे नाव क्वचितच दिसते, याचे वाईट वाटते. स्कॉटलंडमधील एअरचा हा फॉरवर्ड क्वीन्स पार्क आणि एव्हर्टनकडून खेळला. 1898 मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेचा तो सचिव होता. क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य खेळाडूला मिळावे, ही मागणी त्या काळी करायला धाडसच लागत असे!

त्याच वर्षी तो टॉटनहॅम या लंडनच्या क्लबमध्ये आला आणि पुढच्या वर्षी खेळाडू असतानाच व्यवस्थापक झाला. 1901 चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा, हा त्याचा कळस. टॉटनहॅम तेव्हा फुटबॉल लीग या इंग्लंडच्या मुख्य साखळी स्पर्धेतही नव्हता. शेफील्ड युनायटेडशी अंतिम सामना 2-2 असा सुटला. बोल्टनला झालेल्या फेरलढतीत संघ मागे पडला असताना बरोबरीचा गोल केला तो कॅमेरॉननेच. शेवटी टॉटनहॅम 3-1 ने जिंकला. लीगबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला लीग सुरू झाल्यापासून हा कप जिंकता आलेला नाही.

पुढे तो जर्मनीत प्रशिक्षक होता. पहिले महायुद्ध पेटले आणि बर्लिनजवळच्या रुहलेबेन छावणीत त्याला डांबले गेले. तिथेही त्याने कैद्यांचे फुटबॉल सामने उभे केले. आपल्या क्रीडा पुरवणीत त्याच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर